गिरणीवाल्याचा शुक्रवार

ईट गावात शुक्रवारी दुपारी बब्रुवानकडं दळण नेऊ नये, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गिरणी चालू असते, बब्रुवान जागेवर असतो, दळूनही देतो. पण त्या दिवशी त्याचा एक कान गिऱ्हाइकाकडं आणि दुसरा दुनियेच्या पलीकडं कुठंतरी लागलेला असतो. तुम्ही ज्वारी बारीक दळायला सांगावी आणि घरी जाऊन डबा उघडावा, तर आत भरडा. भांडायला परत गेलं तर हा गडी हसत हसत पुन्हा दळून देणार आणि वर म्हणणार, आज नवीन माल आला व्हता, चुकलं. नवीन माल म्हणजे गहू नव्हे की तांदूळ नव्हे. नवीन माल म्हणजे गाणी. आणि गाणी तरी कसली, तर ज्यांत शब्द नाहीत, ताल हाताला लागत नाही आणि ऐकणाऱ्याला वाटावं की मोबाईल पाण्यात पडून नुकताच बाहेर काढलाय.

बब्रुवान पन्नाशी ओलांडलेला, अंगानं आडवा, स्वभावानं सरळ. मिशा आणि भुवया पिठानं कायम पांढऱ्या असल्यामुळं त्याचे केस खरोखर कधी पिकले हे गावाला कळलंच नाही. गिरणी त्याच्या बापानं टाकलेली. तेव्हा ती डिझेलच्या इंजिनावर चालायची. धूर सोडणाऱ्या नळीच्या तोंडावर बापानं पत्र्याची एक वाटी अशी बसवली होती की इंजिन सुरू झालं की ‘कुक कुक कुक’ असा आवाज सगळ्या शिवारात जायचा. त्या आवाजावर गाव चालायचं. कुककुक ऐकू आली की बाया डबे डोक्यावर घ्यायच्या, बंद झाली की घरी बसायच्या. पुढं विजेची मोटर आली, कुककुक थांबली, पण बब्रुवाननं इंजिन मोडीत काढलं नाही. मागच्या खोलीत पोतं पांघरून ते उभं असे, आणि लाइट फारच दिवस गेली तर डिझेल घालून त्याला उठवता येत असे.

गिरणीला लागूनच घर. गिरणी आणि स्वयंपाकघर यांत एकच भिंत, आणि भिंतीच्या पलीकडं कडूबाई. नावातच कडू, एरवी बाई साखरेसारखी असं कुणी म्हणेल तर तेही खरं नाही. ती होती फोडणीतल्या मिरचीसारखी, जेवणाला चव आणणारी पण एखाद्या वेळी ठसका लावणारी. लग्न होऊन आल्यापासून तिला एक सवय जडली होती. गिरणीच्या माथ्यावर दाणे ओतायची पत्र्याची पेटी असते. त्या पेटीतले दाणे संपत आले की आवाज हलका होतो, दगडावर दगड रिकामा फिरायला लागतो आणि दगडाच्या खाचा झिजतात. बब्रुवान तेव्हा कुणाशी तरी गप्पांत रंगलेला. मग भाकरी थापता थापता कडूबाई खलबत्त्यातला बत्ता उचलायची आणि भिंतीवर ठोकायची. ठक, ठक, ठक. तिथल्या भिंतीला खळगा पडला होता. बब्रुवानला वाटायचं, बायको आहे, ठोकणारच.

ह्या माणसाला गाण्याचं हे वेड लागलं ते दुरुस्तीच्या नादात. दोनेक वर्षांपूर्वी गिरणीतून चिवचिव यायला लागली. दगडाला टाकी लावून झाली, म्हणजे छिन्नीनं खाचा पाडून झाल्या, पट्टा बदलून झाला, तरी चिवचिव जाईना. तेव्हा त्यानं मोबाईल तोंडाजवळ धरला आणि त्याला विचारलं, गिरणीचा आवाज दाखव. मोबाईलनं बरंच काय काय दाखवलं, आणि त्यात एक काळं चित्र होतं. त्यावर बोट पडलं. आवाज सुरू झाला. घर्र, घर्र, मध्येच एक बारीक किरकिर, पुन्हा घर्र. बब्रुवाननं जिवाचा कान केला. ही गिरणी बिघडलेली आहे एवढं त्याला लगेच कळलं, पण नेमकं काय बिघडलंय हे शोधता शोधता तो पोत्यावर बसला, मग रेलला, मग डोळे मिटले. आवाज संपला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की बिघाड शोधायचं तो केव्हाच विसरून गेला होता आणि नुसताच ऐकत बसला होता.

तरी कारागीर तो कारागीर. खाली लिहायला जागा होती, तिथं त्यानं बोलून बोलून मराठीत मजकूर टाकला: डाव्या कानाकडचं बेअरिंग गेलंय, ग्रीस कमी आहे, बदलून घ्या, नाहीतर शाफ्ट खाईल. खाली नाव आणि गाव लिहिलं, कारण सल्ला देणाऱ्यानं तोंड लपवू नये.

चार-आठ दिवसांनी उत्तर आलं. ते मोबाईलनंच मराठीत करून दाखवलं. लिहिणारीचं नाव मार्या. ती एस्टोनिया नावाच्या देशात राहते, तिथं वर्षाचे कितीतरी महिने बर्फ असतं. तिनं लिहिलं होतं की सल्ल्याबद्दल आभार, पण माझ्याकडं गिरणी नाही आणि बेअरिंगही नाही. हा सगळा आवाज मी घरात बसून विजेच्या लहानशा यंत्रावर तयार केला आहे, आणि इतक्या प्रेमानं कुणी तो दुरुस्त करायला निघालं नव्हतं.

दुसरा एखादा असता तर ओशाळला असता. बब्रुवान त्या दिवशी संध्याकाळपर्यंत हसत होता. गिऱ्हाइकांना थांबवून सांगत होता की म्या नसलेल्या गिरणीचं बेअरिंग काढलं. पण हसू ओसरल्यावर आत काहीतरी राहिलं. जगात एक बाई आहे, ती नसलेल्या यंत्राचा आवाज करते, आणि तो ईटच्या गिरणीवाल्याला खरा वाटतो, ही गोष्ट त्याला फार म्हणजे फार आवडली. घरघर म्हणजे पोटासाठी सोसायची कटकट, असंच तो जन्मभर धरून चालला होता. ती कुणी मुद्दाम, हौसेनं, जीव लावून करत असेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मग त्याची लेक हर्षाली मदतीला आली. ती धाराशिवला नर्सिंग शिकते. सुट्टीला आली तेव्हा तिनं बापाला दाखवून दिलं की अशी माणसं जगभर आहेत. त्यांना कुणी मोठी कंपनी नसते, कुणी ओळखत नसतं. घरात, गच्चीवर, जिन्याखाली बसून आवाज घडवतात आणि आपला आपणच बाजारात मांडतात. कुणी वीस कॅसेटी काढतो, कुणी नुसतंच इंटरनेटवर ठेवतो. बहुतेकांचा माल शुक्रवारी बाहेर पडतो. बब्रुवानला ही पद्धत चटकन समजली. स्वतःच्या घरची ज्वारी स्वतःच बाजारात घेऊन बसणाऱ्यासारखं आहे हे, तो म्हणाला, आडत्या मधी न्हाय.

त्या दिवसापासून त्याचा शुक्रवार बदलला. सकाळी दाढी, आंघोळ, उपरण्याच्या टोकानं दोन्ही कानांतलं पीठ काढणं, आणि दुपारी पोत्यावर बैठक. इंग्रजी येत नाही, मग निवडायचं कसं? तर पोत्यात हात घालून मूठभर दाणे काढून बघतात तसं. चित्र बघायचं, बोट टाकायचं, मूठभर ऐकायचं. बरं वाटलं तर बसायचं, नाहीतर पुढचं पोतं. आणि चव सांगायला त्याच्याकडं स्वतःचे शब्द होते. काही गाणी भरड, काही रवाळ, काही मैदा. मैदा त्याला आवडत नसे, लवकर चिकट होतो म्हणे. कुणी जपानी माणूस रात्रंदिवस फ्रीजचे आवाज गोळा करून ते एकमेकांत मळत होता; ते बब्रुवानच्या मते एकदम बारीक दळलेलं. हैदराबादची एक पोरगी मिक्सरचा आवाज इतका ताणून मोठा करायची की त्यातून देवळातला घुमार निघायचा, ते रवाळ. पेरू देशातल्या एका मास्तरानं धरणाच्या दारांचा आवाज घेऊन काहीतरी भयंकर केलं होतं, त्याला बब्रुवाननं नाव दिलं जनावराचा भरडा, पण तीन वेळा ऐकलं. प्रत्येकाखाली तो मराठीत चार ओळी टाकायचा आणि प्रत्येक वेळी गावाचं नाव लिहायचा. हर्षालीनं सांगितलं की त्या लोकांत बापाची चांगलीच ओळख झाली आहे, त्याची चार ओळींची पावती मिळाली नाही तर काहीजण हिरमुसतात.

एवढं सगळं होतं आणि तरी एका ठिकाणी त्याचं घोडं अडलेलं होतं. सोबत ऐकणारं गावात कुणी नव्हतं. खव्याचा पेढा एकट्यानं कोपऱ्यात बसून खाल्ला तर गोडच लागतो, पण ते काही खाणं नव्हे, आणि खव्याच्या भट्ट्या असलेल्या मुलखातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. त्यानं आधी पोराला धरलं. श्रीनाथ दुधाची गाडी चालवतो. त्यानं बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, ‘दादा, गाणं कवा चालू व्हणार?’ ते संपत आलं होतं. मग उमाशंकर गुरुजींना बसवलं. गुरुजी सभ्य माणूस. ते डोळे मिटून शेवटपर्यंत बसले, बब्रुवानच्या अंगावर मूठभर मांस चढलं, आणि गाणं संपल्यावर गुरुजी घोरत होते हे कळलं.

पण खरं सांगायचं तर श्रीनाथला कळलं नाही काय आणि गुरुजी झोपले काय, त्याचं त्याला फार नव्हतं. त्याला हवी होती कडूबाई. जिच्यासोबत उभा जन्म एका भिंतीच्या अल्याड-पल्याड काढला, तिनं एकदा, एकच गाणं, शेवटपर्यंत शेजारी बसून ऐकावं. नंतर शिव्या दिल्या तरी चालतील. तो दर शुक्रवारी तिला बोलवायचा आणि ती दर शुक्रवारी त्याला झटकून टाकायची. दिसभर तीच घरघर ऐकून कान किटले, ती म्हणायची, अन् तुमी सुट्टीतबी घरघरच लावता. कधी उंबऱ्यात उभी राहून घटकाभर ऐकायची, मान हलवायची आणि आत जायची. तिच्या पाठीकडं बघताना त्या आडव्या अंगाच्या माणसाला आपण लहान पोर असल्यासारखं वाईट वाटायचं, आणि पुढच्या शुक्रवारी तो पुन्हा बोलवायचा.

ह्या श्रावणाच्या तोंडाला मार्याचा निरोप आला. तुमच्या खऱ्या गिरणीचा आवाज मला पाठवाल का, असं तिनं विचारलं होतं. बब्रुवानला आभाळ ठेंगणं झालं. मोटरची घरघर पाठवायची त्याला लाज वाटली. ती काय कुणाच्याही गावात असते. त्यानं इंजिनावरचं पोतं काढलं, बापाची वाटी राखेनं घासली, नळीवर बसवली. एका सकाळी थोडं डिझेल घालून हॅंडल मारलं. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. मोबाईल पीठचाळणीच्या फडक्यात बांधून आढ्याला टांगला होता. पेटीत पायलीभर ज्वारी ओतली होती. भिंतीपलीकडं आधीच बजावून ठेवलं होतं की आज कुणी खोकायचंसुद्धा नाही.

सगळं छान चाललं होतं. ज्वारी संपत आली, इंजिनावरचा भार उतरला, कुककुक भराभर होऊ लागली, दगड रिकामा वाजायला लागला. आणि भिंतीतून आलं ठक, ठक, ठक.

बब्रुवाननं कपाळाला हात लावला. पीठ आणि हात दोन्ही कपाळाला लागले. आत जाऊन तो म्हणाला की तुला सांगितलं होतं ना, आणि कडूबाई बत्त्याकडं अशी बघत राहिली की जणू तो आपणहून उठला होता. तिच्या ते लक्षातच आलं नव्हतं. पुन्हा आवाज घ्यायचा तर डिझेल संपलं होतं. शेवटी त्यानं होतं तसंच पाठवलं आणि खाली लिहिलं की शेवटी बायकोचा आवाज आला आहे, माफी असावी. मार्यानं एवढंच कळवलं की मिळालं, आणि पुढं बरेच दिवस काहीच कळवलं नाही. कडूबाई ती गोष्ट विसरूनही गेली.

मग तो शुक्रवार उजाडला. आदल्या दिवशी गावाला वीज देणारा डीपी जळाला होता. लाइट नाही, गिरणी बंद, घराघरांतलं पीठ तळाला गेलेलं. आज येईल, आत्ता येईल, असं म्हणता म्हणता दुपार होत आली. इंजिन चालवावं तर डिझेल आणायला जावं लागणार, आणि बब्रुवानचं मन पेट्रोलपंपावर नव्हतंच. सकाळीच मोबाईलवर मार्याचा नवा माल येऊन पडला होता. चित्रात बर्फात उभं असलेलं एक झाड, आणि खाली इंग्रजीत लिहिलेलं नाव, जे त्यालाही वाचता आलं: ईट.

त्यानं ते ऐकलं नाही. कोऱ्या कानांनी, मोठ्या आवाजात, पहिल्यांदाच ऐकायचं असं त्यानं ठरवलं. श्रीनाथच्या घरातून चाकाचा तो चार्जिंगवरचा स्पीकर ओढत आणला, जो एरवी फक्त नातवाच्या वाढदिवसाला बाहेर पडतो. गिरणीच्या दारात तो उभा केला. मग कडूबाईला हाक मारली. हे आपल्याच गिरणीचं आहे हे त्यानं मुद्दाम सांगितलं नाही. ऐकता ऐकता तिला कळावं आणि तिचं तोंड कसं होतं ते आपण बघावं, अशी त्याची गंमत होती.

‘आज एक बसून ऐक,’ तो म्हणाला. ‘आज एवढं ऐक, पुन्हा कवा म्हणणार न्हाय.’

कडूबाई सूप झटकत होती. ‘गिरणीवाल्याच्या घरात चिमूटभर पीठ न्हाय,’ ती म्हणाली, ‘शेवटची भाकर थापायले. अन् तुमी म्हणता बसून गाणं ऐक. इंजिन चालू करा आदी, गाव तोंडाकडं बघायलंय.’ आणि ती आत गेली.

बब्रुवान हिरमुसला, हे उघड सांगायला हवं. मग एकटाच पोत्यावर बसला आणि बटण दाबलं.

पहिल्यांदा काहीच नाही. मग खूप लांबून वारा आल्यासारखं, बर्फातला असेल. त्यातून हळूहळू, शिवारातून पायवाटेनं कुणी चालत यावं तशी आली कुककुक. कुक कुक कुक. बापाच्या वाटीचा आवाज. तो जवळ आला, मोठा झाला, स्पीकरच्या छातीतून बाहेर पडला आणि पारापर्यंत, वेशीपर्यंत, पार मळ्यापर्यंत गेला. बब्रुवानच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं, बाप हॅंडल मारून आत्ता घाम पुसतोय.

आता ईटचं डोकं कसं चालतं ते बघा. पीठ नाही म्हणून चुली थंड, आणि अशात कानावर कुककुक. कुणी विचार केला नाही, कुणी विचारलं नाही. डबे उचलले आणि निघाले. पहिली पोचली प्रेमाबाई, वयानं सगळ्यांत मोठी आणि तोंडानं त्याहून मोठी. तिच्या मागं तुळजाबाई, तिच्या मागं आणखी बाया, एक सायकलवर गव्हाचं पोतं टाकून आलेला गडी. आपापले डबे त्यांनी सवयीनं रांगेत लावले, पहिल्या नंबरावरून थोडी बाचाबाची केली आणि सावलीत टेकले. बब्रुवानला कळेना काय करावं. गाणं थांबवायला जीव होईना. प्रेमाबाईनं आत डोकावून बघितलं. पट्टा लोंबतोय, दगड थंड, इंजिन गप, आणि कुककुक तर चालूच.

‘बब्रू,’ ती म्हणाली, ‘इंजिन कुठंय रं?’

‘काकू, ते गाणं हाय,’ बब्रुवान कसंबसं म्हणाला.

‘मंग गाण्यातच दळून दे,’ म्हणून प्रेमाबाईनं डब्यावर बसकण मारली, आणि बायांत अशी खसखस पिकली की सायकलवाल्यालाही हसू आवरेना. पण कुणी उठून गेलं नाही. श्रावणातल्या त्या सकाळी ती डबे उचलायच्या आत थांबली होती; अशी बसून कित्येक वर्षांनी त्यांनी कुककुक ऐकली होती. तुळजाबाई शेजारणीला सांगू लागली की लगीन होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी सासूनं ह्याच आवाजावर डबा हातात दिला होता. तिनं ते सांगितलं आणि मग तीही गप्प होऊन ऐकू लागली.

भिंतीपलीकडं कडूबाई भाकरी थापत होती. कुककुक सुरू झाली तेव्हा तिला बरं वाटलं होतं. मी बोलले म्हणून का होईना, माणूस भानावर आला, कुठूनतरी डिझेल मिळवून इंजिन लावलं, असं तिनं धरलं. बाहेर बाया आल्याचं ऐकलं, हसणं ऐकलं, म्हणजे नेहमीप्रमाणं हे गप्पांत रमले असणार. हात पिठात, डोळे तव्यावर, आणि कान, तिलाही न विचारता, नेहमीच्या जागी. कुककुक भराभर व्हायला लागली. दगड हलका झाला. दाणे संपत आले होते. तिनं बत्ता उचलला आणि भिंतीवर ठोकला.

ठक, ठक, ठक.

बाहेर सगळ्यांनी भिंतीकडं बघितलं. आणि एक श्वास जातो न जातो तोच स्पीकरमधून आलं: ठक, ठक, ठक.

सगळ्यांनी स्पीकरकडं बघितलं.

बब्रुवान पोत्यावरून उठला. मार्यानं ते ठेवलं होतं. नुसतं ठेवलं नव्हतं, तिथून तिचं खरं गाणं सुरू होत होतं. इंजिन हळूहळू मागं सरत गेलं, कुककुक वाऱ्यात विरत गेली, आणि ते तीन ठोके तेवढे राहिले. पुन्हा आले, जरा सावकाश. पुन्हा आले, खाली घुमणारा एक लांब सूर घेऊन. जणू कुणीतरी ओळखीचं दारावर येऊन थांबलंय आणि त्याला काही घाई नाही.

कडूबाई भाकरी तव्यावर टाकून बाहेर आली होती. हाताला पीठ, हातात बत्ता. तिनं थंड इंजिन बघितलं, डब्यांची रांग बघितली, नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. ठक, ठक, ठक. तिनं हातातला बत्ता बघितला.

‘हे तर मी हाय,’ ती म्हणाली.

‘व्हय,’ बब्रुवान म्हणाला.

‘कडूबाई, तुझं रेडिओवर आलंय की गं,’ प्रेमाबाईनं तोंड उघडलं.

‘गप बस की काकू,’ कडूबाई म्हणाली, ‘ऐकू दे.’

ती पोत्यावर बसली. बब्रुवान तिच्या शेजारी बसला, थोडं अंतर ठेवून, कारण बाया होत्या. आतून भाकरी करपल्याचा वास आला तरी ती उठली नाही. इतकी वर्षं आपण भिंतीवर ठोकतो ते असं ऐकू येतं, हे तिला आज पहिल्यांदा कळत होतं. आणि इतकी वर्षं भिंतीपलीकडून कुणीतरी आपल्या गिरणीला कान लावून बसलं होतं, आपल्यापेक्षा जास्त लक्ष देऊन, हे बब्रुवानला कळत होतं. तो सगळ्या दुनियेत ऐकणारं माणूस शोधत होता. त्याला हसू आलं आणि रडूही आलं, आणि पिठानं भरलेल्या मिशांत दोन्ही मावलं.

शेवटचे ठोके इतके लांबून आले की ते खरंच आले की नुसते वाटले, हे कुणाला सांगता आलं नसतं. मग काही नाही. कोंबडं ओरडलं तेव्हा गाणं संपलं हे कळलं.

कडूबाईनं बत्ता पोत्यावर ठेवला. मग तिनं विचारलं की ही बाई कुठं असते. बब्रुवाननं सांगितलं, बर्फात. तिथं ज्वारी होते का? नाही होत. कडूबाईनं मान डोलवली.

‘तिला लिहा,’ ती म्हणाली, ‘दाणे संपल्यावर दगड एवढा वेळ रिकामा फिरवू नको म्हणावं. खाचा जातात. बाकी झ्याक केलंय.’

मग एकदम तिला डब्यांची रांग दिसली आणि जुनी कडूबाई जागेवर आली. श्रीनाथला हाक मारून तिनं डिझेलला पिटाळलं. नवऱ्याला सांगितलं की आधी दळण टाका, मग तेच परत लावा, पहिल्यापासून. मघाशी सुरुवात माझी भाकरीत गेली. प्रेमाबाई म्हणाली की परत लावणार असशील तर आमीबी थांबताव, आणि आपला पहिला नंबर कुणी घेऊ नये म्हणून डब्यावर हात ठेवून बसली.

डिझेल आलं. बब्रुवाननं हॅंडल मारलं, इंजिन खोकलं, लागलं, आणि ह्या वेळी खरी कुककुक गावभर गेली. आणखी डबे आले. पीठ उडत होतं, बाया बोलत होत्या, आणि बब्रुवान सायकलवाल्याला जपानी माणसाच्या फ्रीजबद्दल हातवारे करून सांगत होता. सांगता सांगता त्याला वाटलं की आवाज हलका झालाय. त्यानं सवयीनं भिंतीकडं कान दिला. भिंत गप्प होती.

कडूबाई भिंतीपलीकडं नव्हतीच. ती त्याच्या मागं पोत्यावर बसली होती, पदर पिठानं पांढरा झालेला, डोळे पेटीवर. तिनं हात पुढं केला आणि त्याच्या पाठीवर तीनदा ठोकलं.